पाळी आली, हाडं मात्र तिथंच: खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

सुजाता आमच्याकडे आली ती पायाच्या दुखण्यामुळे. वय १९, बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, राहायला हॉस्टेलवर. घर खानापूर तालुक्यात. वडिलांची वीटभट्टी, आई घर आणि भाताचं शेत सांभाळते. पोलीस भरतीत उतरायचं तिच्या मनात होतं, म्हणून रोज पहाटे पळायची. उजवं पाऊल दुखायला लागलं तेव्हा काढलेला एक्स-रे स्वच्छ आला. यात नवल नाही. सततच्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. तिनं पळणं थांबवलं नाही. पुढं एमआरआय केला तेव्हा दुसऱ्या मेटाटार्सलला (पावलातल्या लांब हाडाला) चीर सापडली.

अस्थिरोगतज्ज्ञांनी प्लास्टर-पट्टीच्या आधी तिला काट्यावर उभं केलं. वजन ३६ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) १४.४, फारच कमी. आमच्याकडे पाठवलेल्या चिठ्ठीत त्यांनी एवढंच लिहिलं होतं: "पळण्यानं चीर पडली हे खरं, पण हाड इतकं कच्चं का, ते बघा." स्त्रीरोग (म्हणजे मी), मानसोपचार आणि आहार असे आम्ही तिघं मिळून या प्रकरणात होतो. गरज पडेल तसा कोल्हापूरच्या अंतःस्रावतज्ज्ञांचा (संप्रेरकांच्या डॉक्टरांचा) सल्ला घेतला.

खाणं कमी कसं झालं हे घरच्यांना नेमकं सांगता येईना. पीयूसीच्या पहिल्या वर्षी (अकरावीत) वजन ५१ होतं. आधी सोमवार सुरू झाला, मग गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, आणि श्रावण तर अख्खा. पुढं उपवासाच्या ताटातूनही साबुदाणा गेला, शेंगदाणे गेले, उरलं केळं आणि ताक. घर माळकरी असल्यानं कुणी हटकलं नाही. उलट आज्जी शेजारणींना सांगायची, "पोर देवाधर्माची आहे." आपण लठ्ठ आहोत असं सुजाता एकदाही म्हणाली नाही. तिचं म्हणणं, "खाल्लं की पोट जड होतं, पळवत नाही." हा आजार ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं तोडत तोडत स्वतःला उपाशी ठेवण्याचा मानसिक आजार. वजनाच्या धास्तीविना होणारा त्याचा प्रकार हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात नोंदवला होता. आपल्याकडे तो उपवासाच्या आडोशानं येतो आणि म्हणूनच नजरेतून सुटतो.

सतराव्या वर्षी पाळी थांबली. गावाजवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. अंडाशयात बारीक बारीक बीजकोष दिसले आणि अहवालावर 'पीसीओडी' (अंडाशयात अनेक बीजकोष दिसणारा, पाळी लांबवणारा विकार) असा शेरा पडला. अर्धपोटी शरीरात मेंदूकडून अंडाशयाला येणारा एलएच या संप्रेरकाचा इशारा मंदावतो. मग बीजकोष वाढायला लागतात आणि मध्येच थांबतात, आणि पडद्यावरचं चित्र वरवर पीसीओडीसारखंच दिसतं. शेऱ्याबरोबर पीसीओडीच्या सगळ्या रुग्णांना देतात तो छापील कागदही तिच्या हाती आला: भात बंद, साखर बंद, वजन उतरवा. तेव्हा ती ४० किलोची होती. हा कागद तिनं प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवला होता. आम्ही जेवणाचा विषय काढला की पर्समधून काढून पुढ्यात ठेवायची.

त्याच ठिकाणी गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं सुरू झाली आणि चौदा महिने चालली. रक्तस्राव ठरल्या दिवशी येऊ लागला. आई स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखांना लाल पेनानं गोल करायची. घरच्यांच्या लेखी दुखणं मिटलं होतं. त्याच चौदा महिन्यांत वजन आणखी चार किलो उतरलं.

अडचण

पहिल्या तपासणीत नाडी ४६, रक्तदाब ९०/६०, हात गार, दंडावर बारीक लव. डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीत कंबरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर उणे २.८ निघाला आणि खुब्याचा उणे १.९. या वयात टी-स्कोअर (निरोगी तरुण प्रौढांशी तुलना) बघत नाहीत. समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर बघतात, आणि तो उणे २ किंवा त्याखाली असला की हाड वयाच्या मानानं कमी धरतात. मणक्याचं हाड आतून जाळीदार असतं, म्हणून संप्रेरकांच्या तुटवड्याचा फटका त्याला आधी बसतो.

गोळी चालू असताना संप्रेरकं तपासून काही कळत नाही, म्हणून ती थांबवली आणि सहा आठवड्यांनी रक्त घेतलं. एलएच आणि इस्ट्राडिओल (अंडाशयातलं मुख्य इस्ट्रोजेन) दोन्ही तळाला. प्रोलॅक्टिन आणि टीएसएच ही संप्रेरकं ठीक, थायरॉईडचं टी-३ कमी. असा कमी टी-३ ही उपाशी शरीराची काटकसर असते. त्यावर थायरॉईडची गोळी द्यायची नसते, दिली तर वजन आणखी उतरतं. ड जीवनसत्त्वही कमीच, १४ नॅनोग्रॅम. क्षय आणि सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेननं होणारा आतड्याचा आजार) या दोन्ही शक्यता तपासून बाजूला केल्या. आमच्या भागात वजन उतरलेली मुलगी समोर आली की क्षय आधी बघावाच लागतो.

मग चौदा महिने इस्ट्रोजेन पोटात जाऊनही हाड का घटलं? इस्ट्रोजेन हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतं. हाड बांधायचं काम आयजीएफ-१ या संप्रेरकाकडे असतं आणि ते मुख्यतः यकृतात तयार होतं. उपाशी यकृत वाढीच्या संप्रेरकाला दाद देत नाही, त्यामुळे आयजीएफ-१ आधीच कमी पडतं. गिळलेलं इस्ट्रोजेन रक्तात मिसळण्याआधी यकृतातून जातं आणि उरलंसुरलं आयजीएफ-१ ही खाली ढकलतं. झीज थोडी रोखली जाते, पण बांधकाम बंदच राहतं. बोस्टनच्या ॲन क्लिबान्स्की यांच्या गटानं १९९५ साली ॲनोरेक्सियाच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन देऊन पाहिलं होतं. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांच्या हाडांत लक्षणीय फरक पडला नाही. ही माहिती नवी नाही. तरीही 'पाळी येत नाही' म्हटलं की हात गोळीच्या पाकिटाकडेच जातो, कारण रक्तस्राव दिसला की रुग्ण, आई आणि डॉक्टर तिघांचंही समाधान होतं.

समोर असलेले पर्याय

गोळी पुन्हा सुरू करायचा प्रश्नच नव्हता. २०१७ ची एंडोक्राइन सोसायटीची (संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेची) मार्गदर्शक तत्त्वंही केवळ पाळी आणायला किंवा हाड वाढवायला ती देऊ नये असंच सांगतात.

दुसरा रस्ता फक्त वजन वाढवण्याचा. हाडासाठी याहून मोठं औषध नाही, कारण वजनाबरोबर इस्ट्रोजेन, आयजीएफ-१, कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) सगळंच ताळ्यावर येतं. पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच इथली अडचण होती. हाडांचा बहुतांश साठा विशीच्या आसपास भरून होतो. आमच्याकडे भाताची लावणी ठरल्या पावसात झाली नाही तर मागाहून पाटाचं पाणी कितीही सोडा, पीक तसं येत नाही. सुजाताची तीन वर्षं आधीच गेली होती.

तिसरा, त्वचेवाटे नैसर्गिक इस्ट्राडिओल आणि महिन्यातले काही दिवस प्रोजेस्टेरॉन. यकृताचा पहिला फेरा टळत असल्यानं आयजीएफ-१ दबत नाही. मधुस्मिता मिश्रा आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या चाचणीत वाढ पूर्ण होत आलेल्या मुलींना त्वचेवर चिकटवायची १०० मायक्रोग्रॅमची पट्टी १८ महिने दिली, तेव्हा मणका आणि खुबा दोन्हीकडे घनता वाढली. निरोगी मुलींची बरोबरी मात्र झाली नाही. त्या मुली १२ ते १८ वयाच्या होत्या, आमची १९ ची. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१७ ची तत्त्वं त्वचेवाटे इस्ट्रोजेनचा विचार १३ ते १७ वयासाठी करायला सांगतात. १८ च्या पुढं त्यांचा रोख बिस्फॉस्फोनेटकडे (हाडांची झीज रोखणाऱ्या औषधांकडे) आहे. एंडोक्राइन सोसायटी उलट सांगते: आधी आहार आणि मानसोपचाराला पुरेसा वेळ द्या, तरी पाळी आली नाही तर त्वचेवाटे इस्ट्राडिओल, आणि बिस्फॉस्फोनेट नको.

बिस्फॉस्फोनेटवर आमच्यात वाद झाला. अस्थिरोगतज्ज्ञ त्याच्या बाजूनं होते. चीर पडलेली आहे, मग थांबायचं कशाला, हा त्यांचा मुद्दा. प्रौढ रुग्णांत रिसेड्रोनेट या त्याच गटातल्या औषधानं मणक्याची घनता वाढल्याचं २०११ च्या एका चाचणीत दिसलंही आहे. माझा आक्षेप वयावर होता. हे औषध हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं, आणि ही मुलगी पुढच्या दहा वर्षांत आई होण्याची शक्यता मोठी. टेरिपॅराटाइड आणि डेनोसुमॅब ही हाडांची आणखी दोन औषधं. टेरिपॅराटाइडचा विचार आम्ही केला नाही. डेनोसुमॅब थांबवलं की मणके मोडण्याचा धोका उसळतो, त्यामुळे तेही बाद.

काय केलं

पहिला आठवडा वॉर्डात. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घातलं की रक्तातला फॉस्फरस कोसळू शकतो आणि हृदयावर बेततं. म्हणून जेवण पायरीपायरीनं वाढवलं आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर तपासलं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्याला एक, अशी आठ आठवडे. पळणं बंद. मानसोपचार आठवड्यातून एकदा, एक आड एक वेळ आई-वडिलांसह.

घरी पाठवल्यावर सहा आठवडे वजन हललंच नाही. आई शपथेवर सांगत होती की कागदावर लिहिलंय तेवढं सगळं देतेय. ती खोटं बोलत नव्हती. आमचा आहारतक्ता कन्नड आणि इंग्रजीत छापलेला. आईला वाचता येते ती मराठी. वडील वीटभट्टीवर कन्नड झकास बोलतात, वाचायला मात्र शिकले नाहीत. तक्ता आईला वाचून दाखवत होती सुजाता स्वतः, आणि त्यातलं दोन चमचे तूप अर्ध्या चमच्यावर आलं होतं, रात्रीचं दूध गळालंच होतं. ती लबाड होती असं मला वाटत नाही. आजारच तिच्या तोंडून वाचत होता. आमच्या आहारतज्ज्ञ मावशींनी तक्ता मराठीत हातानं लिहून काढला, सुजाताला बाहेर बसवून आईला ओळ न् ओळ समजावला आणि आईच्याच पिशवीत ठेवायला दिला.

त्या तक्त्यात घरात नाही असं काही नव्हतं. घरचा भात परत आला, वर तूप. नाचणीची भाकरी (१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं), हुलग्याचं माडगं, तीळ-शेंगदाण्याची चटणी, दूध, दही, पनीर. माळकरी घर असल्यानं अंड्याचा आग्रह धरला नाही. उपवासाचा प्रश्न गावातल्या कीर्तनकार बुवांनी सोडवला. आजारी माणसाला उपास लागू नाही, औषधासारखं जेव, असं त्यांनी आज्जीदेखत सांगितलं. आमच्या महिनाभराच्या समजावणीनं झालं नाही ते एका दुपारी झालं.

सहा महिन्यांत वजन ४१ वर आलं. पाळी नव्हतीच, इस्ट्राडिओल तळालाच. इथं निर्णय घ्यायचा होता आणि आम्ही तिसरा पर्याय घेतला. पट्टी आमच्याकडच्या औषधदुकानांत मिळेना, जेल मिळालं. रोज दीड मिलिग्रॅम इस्ट्राडिओल मांडीवर चोळायचं, आणि दर महिन्याला बारा रात्री २०० मिलिग्रॅम मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन. त्याआधी रक्ताच्या गुठळ्यांचा घरचा इतिहास, अर्धशिशी, रक्तदाब, यकृत बघून घेतलं. जेल वाळेपर्यंत भाच्याला मांडीवर घ्यायचं नाही आणि हात धुवायचे, हे दोनदा सांगितलं, कारण ते लहान मुलांच्या त्वचेतूनही आत जातं. हे गर्भनिरोधक नाही, हेही स्पष्ट केलं.

प्रोजेस्टेरॉन थांबलं की रक्तस्राव होणार होताच. तो मोजायचा नाही, असं आईला आधीच सांगून ठेवलं. मग तारखांना गोल करायचं थांबलं आणि त्या चौकोनांत दर पंधरवड्याचं वजन लिहायला सुरुवात झाली.

मध्येच आलेलं स्थळ

जेल सुरू होऊन चार-पाच महिने झाले असतील, चंदगडकडून एक स्थळ आलं. आई एकटीच भेटायला आली. "मॅडम, ते जेल बंद केलं तर चालंल का? त्यांच्या कानावर गेलं तर मुलीत दोष आहे म्हणतील. आणि लग्न झालं की अंगाला धरतं म्हणतात." मी आईला रागावले नाही. तिच्या जगात हा प्रश्न रास्तच होता. पण मुलगी सज्ञान. काय सांगायचं आणि कुणाला, हे ठरवणं तिचं काम. मानसोपचारतज्ज्ञांनी तिला एकटीला विचारलं. पदवी होईपर्यंत लग्न नको, असं ती म्हणाली, आणि वडिलांसमोर तेच बोलायची तयारी तिनं दोन भेटींत करून घेतली. वडिलांनी स्थळ परतवलं. आज्जी त्यावरून महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही.

या गडबडीत तिचं वजन दोन किलोनं घसरलं आणि जेलमध्येही खंड पडला. नेमका किती, हे कधी कळलं नाही.

परिणाम

दुसरी डेक्सा कॉलेजच्या सुट्टीत सोयीची म्हणून कोल्हापुरात झाली. अहवालात मणका खूपच सुधारलेला दिसला आणि घरात कुंदा वाटला गेला. पण मशिन वेगळं होतं, कंपनी वेगळी. दोन मशिनांचे आकडे असे शेजारी ठेवून वाचता येत नाहीत. पहिल्याच मशिनवर पुन्हा तपासणी करायला लावली तेव्हा आनंद निम्म्यावर आला.

जेलच्या १८ महिन्यांनंतरची स्थिती अशी: वजन ४७ किलो, बीएमआय १८.८. मणक्याची घनता ०.७४२ वरून ०.७९०, झेड-स्कोअर उणे २.८ वरून उणे २.३. खुबा जवळजवळ जागच्या जागी. नवी चीर नाही. यातलं जेलचं किती आणि अकरा किलो वजनाचं किती, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही. मला विचाराल तर मोठा वाटा वजनाचा.

मग जेल थांबवून वाट पाहिली. दोन-अडीच महिन्यांनी तिची स्वतःची पाळी आली, पुढच्या महिन्यातही आली, आणि सेमिस्टर परीक्षेच्या महिन्यात चुकली. पंगतीत ती अजूनही बसत नाही, ताट घेऊन आत जाते. पण ताट रिकामं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा अगदी सुरुवातीची. पाळी थांबलेली मुलगी आली की गर्भचाचणी आणि सोनोग्राफीच्या आधी वजनकाटा, आणि दोन वर्षांपूर्वी वजन किती होतं हा प्रश्न. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा जुना फोटोसुद्धा पुरतो. सहा महिने पाळी नसेल आणि वजन कमी असेल तर डेक्सा तेव्हाच करायला हवी. चीर पडेपर्यंत थांबू नये.

दुसरी जागा जेल कधी सुरू करायचं याची. आम्ही सहा महिने थांबलो, ते तत्त्वांना धरून होतं. अंतःस्रावतज्ज्ञांचं मत असं की वय १९ आणि स्कोअर उणे २.८ असताना तीन महिन्यांतच सुरू केलं असतं तरी चाललं असतं. माझा कल अजूनही थांबण्याकडे आहे. पहिल्या सहा महिन्यांत जेल दिलं असतं तर रक्तस्राव पुन्हा कालनिर्णयवर चढला असता आणि ताटाकडे कुणी बघितलं नसतं. मात्र वर्षभर थांबणं मला मान्य नाही.

तिसरी जागा तक्त्याची. निपाणी, खानापूर, चिकोडी या सगळ्या पट्ट्यात घरात कोण कोणती लिपी वाचतं हे पहिल्याच भेटीत विचारून केसपेपरवर लिहायला हवं. रुग्णालाच दुभाषी करू नये. सहा आठवडे तिथं गेले.

आणि पळण्याचं. बंदी घातली ते बरोबर, पण पर्याय दिला नाही, म्हणून ती हॉस्टेलच्या जिन्यात चढ-उतार करत राहिली. मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. सुरुवातीपासून हलके वजनी व्यायाम ठरवून दिले असते तर ते लपून झालं नसतं. आता तिला आठवड्यातून तीन दिवस सपाट मैदानावर पळायची परवानगी आहे, वजन ४६ च्या वर असेल तोवर. भरतीचा अर्ज यंदा भरायचा की पुढच्या वर्षी, यावर तिचं आणि अस्थिरोगतज्ज्ञांचं अजून जमलेलं नाही.